कमरेचे पिस्तूल आणि नेमाचे पिस्तूल

२१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. बदली होऊन निघालेले कलेक्टर जॅक्सन त्या प्रयोगाला आले असताना अनंत लक्ष्मण कान्हेरे या कोवळ्या वयाच्या विद्यार्थ्याने अगदी जवळून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुढे १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. हा इतिहास आपणां सर्वांस ठाऊक आहे व त्यावर वादही पुष्कळ झाले आहेत. परंतु त्या रात्री कान्हेरे यांच्या हातात जे हत्यार होते त्याविषयी ‘ब्राउनिंग’ एवढा एकच शब्द सांगून इतिहासकार पुढे जातात. आमचे आयुष्य यंत्रांच्या व यंत्रे चालविणाऱ्या माणसांच्या संगतीत गेले. शाळा लवकर सुटली, हिंगण्याच्या एमआयडीसीत लेथवर उभे राहिलो, आणि वाचन जे काही झाले ते नंतर. म्हणून आम्हाला त्या एका शब्दाशी थांबावेसे वाटते. दुसरे कारण अगदी व्यवहाराचे आहे. ते ओघाने येईल.

सर्वसाधारण माणूस पिस्तूल म्हटले की एकच वस्तू डोळ्यांसमोर आणतो, आणि ती बहुधा सिनेमातली असते. वास्तविक एकदा चाप ओढला की एक बार उडवून पुढचे काडतूस आपणहून नळीत चढविणारे हे जे यंत्र आहे, ज्याला सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल म्हणतात, त्याच्या दोन जाती झाल्या आहेत. एक जात अंगावर बाळगण्याची, दुसरी सामन्यात नेम मारण्याची. दोहोंच्या पोटातले तत्त्व एकच आहे. तरी सव्वाशे वर्षांत ही भावंडे एकमेकांपासून इतकी लांब गेली आहेत, की एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेऊ गेल्यास फसगत होते. ही ताटातूट कशी व का झाली, आणि आपल्या महाराष्ट्राचा तिच्याशी काय संबंध आला, एवढेच आम्हाला सांगावयाचे आहे.

प्रथम यंत्राकडे पाहू. रिव्हॉल्व्हरमध्ये एक फिरते चक्र असते, त्याला पाच-सहा घरे असतात, आणि ते चक्र माणसाच्या बोटाच्या किंवा अंगठ्याच्या बळाने फिरते. बार होतो तेव्हा गोळी पुढे जाते आणि काडतुसाचे पितळी नळकांडे तितक्याच जोराने मागे रेटले जाते. रिव्हॉल्व्हरमध्ये हा मागचा जोर मनगटाला धक्का देऊन फुकट जातो. तो फुकट जाणारा जोर कामाला लावावा, त्याच्याकडून रिकामे नळकांडे बाहेर फेकवावे, घोडा चढवून घ्यावा आणि स्प्रिंगेच्या परतीच्या फेरीत नवे काडतूस आत सारावे, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात युरोपात फळाला आली. १८९३ मध्ये बोर्खार्टचे पिस्तूल निघाले, १८९६ मध्ये माउझरचे. दोन्ही चालत असत, पण दोन्ही अवजड. माउझरमध्ये काडतुसांची पेटी, म्हणजे मॅगझिन, चापाच्या पुढे होती आणि मूठ झाडूच्या दांड्यासारखी होती. ही पुढची पेटी श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आपल्याला परत यावयाचे आहे.

या घोळातून वाट काढली ती जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने. १८५५ साली युटामधील ऑग्डेन येथे बंदुका दुरुस्त करणाऱ्या बापाच्या घरी तो जन्मला व बापाच्या दुकानातच सगळे शिकला. आम्हांसारख्यांना त्याच्याविषयी आपलेपणा वाटतो तो यामुळे. त्याने दोन गोष्टी केल्या. मॅगझिन मुठीच्या पोटात ठेवले. आणि नळीवर मागे-पुढे सरकणारे एक पोलादी आवरण बसविले, ज्याला आज सर्वत्र स्लाइड म्हणतात. स्लाइडच्या वजनाने व स्प्रिंगेच्या ताणाने मागचा धक्का क्षणभर थोपवून धरला जातो, आणि तेवढ्या वेळात गोळी नळीबाहेर पडते. बेल्जममधील एर्स्टाल गावच्या एफ्.एन्. कारखान्याने हे पिस्तूल १८९९-१९०० च्या सुमारास बाजारात आणले. सात काडतुसे, सहाशे ग्रॅमच्या थोडे वर वजन, आणि जाडी इतकी कमी की कोटाच्या खिशात कळू नये. त्याच्यासाठी ब्राउनिंगने नवे काडतूसही घडविले : ७.६५ मिलिमीटरचे, ज्याला आपल्याकडे पॉइंट बत्तीस म्हणतात.

बाळगावयाच्या पिस्तुलाची व्याख्या येथेच ठरली. ते चपटे असावे, त्याला कोठे अडकणारा कोपरा नसावा, आणि महिनोन्महिने खिशात राहूनही पहिल्या चापाला उडावे. लंडनच्या इंडिया हाउसमधून १९०९ साली वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन या स्वयंपाक्याच्या पेटीतील चोरकप्प्यातून हिंदुस्थानात आली, हे नाशिकच्या खटल्यात पुढे आले. जाड चक्रांची वीस रिव्हॉल्व्हरे त्या कप्प्यात मावणे अवघडच होते. १८९७ साली चापेकर बंधूंनी पुण्यात रँडवर गोळी झाडली तेव्हा असले हत्यार जगाच्या बाजारातच नव्हते. बारा वर्षांत यंत्रविद्येने एवढी मजल मारली होती.

हे हत्यार किती अंतरासाठी होते, याचा एक नेमका पुरावा लंडनच्या न्यायालयात नोंदला गेला आहे. १ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या. खटल्यात टॉटनहॅम कोर्ट रोडवरील नेमबाजीच्या दुकानाच्या मालकाची साक्ष झाली. धिंग्रा सुमारे तीन महिने आठवड्यातून दोन-तीनदा तेथे येत, स्वतःचे कोल्ट पिस्तूल आणीत आणि दर खेपेस बहुधा बारा बार टाकीत. त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी बारा बार टाकले, त्यातील अकरा निशाणाच्या कागदावर लागले. अंतर होते अठरा फूट. म्हणजे एका बऱ्या बैठकीच्या खोलीची लांबी. तीन महिन्यांच्या नियमित सरावानंतर अठरा फुटांवर बारातील एक कागदाबाहेर गेला, ही गोष्ट घरात पिस्तूल ठेवून निर्धास्त झोपणाऱ्या गृहस्थांनी मनात घोळवावी असे आम्हाला वाटते.

पुढचे दाखले त्याच वळणाचे आहेत. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला साँडर्सवर पहिली गोळी झाडली ती खेडच्या शिवराम राजगुरूंनी. भगतसिंगांच्या हातात होते ते पॉइंट बत्तीसचे कोल्ट, म्हणजे पुन्हा ब्राउनिंगचीच रचना. ते पिस्तूल पुढे सीमा सुरक्षा दलाच्या इंदूर येथील संग्रहात क्रमांकावरून ओळखले गेले. आणि ३० जानेवारी १९४८ रोजी बिर्ला भवनात महात्माजींवर तीन गोळ्या झाडल्या गेल्या त्या इटालीच्या बेरेट्टा पिस्तुलातून; ते ग्वाल्हेरहून मिळविलेले होते. ब्राउनिंगची कथा चढ्या आवाजात सांगावी आणि बेरेट्टाचे नाव येताच घसा खाकरावा, हे आमच्या मते इतिहासाला शोभत नाही. खिशात लपावे, गर्दीत जवळ जाता यावे, आणि हाताच्या अंतरावरून चुकू नये, एवढ्याच गुणांसाठी ही सारी पिस्तुले घडविली होती, आणि ते गुण त्यांनी प्रत्येकाच्या हातात सारखेच दाखविले.

एर्स्टालचा उल्लेख झाला म्हणून जाता जाता एक सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्या एफ्.एन्. कारखान्यात ब्राउनिंगची पिस्तुले झाली आणि ज्याच्या वास्तूत १९२६ साली काम करता करता त्याचा प्राण गेला, त्याच कारखान्यातील तीन हजारांवर स्त्री-कामगार १९६६ च्या फेब्रुवारीत संपावर गेल्या. समान कामाला समान वेतन, ही मागणी. रोमच्या करारात हे तत्त्व मालक-सरकारांनी स्वतःच लिहून ठेवले होते. या बायांनी ते कलम त्यांच्यापुढे धरले. संप बारा आठवडे चालला. मागितली तेवढी वाढ मिळाली नाही, पण युरोपातील समान वेतनाच्या लढ्याचा इतिहास तेव्हापासून एर्स्टालचे नाव घेतल्याशिवाय लिहिता येत नाही. पिस्तुलांच्या सचित्र ग्रंथांत त्यांचा मागमूस नसतो. आपल्याकडेही काडतूस खडकीचे की वरणगावचे हे विचारणारा भेटतो. ते भरणाऱ्या हातांविषयी मात्र जवाहरनगरसारखा स्फोट होऊन कामगार बंधू दगावले की मगच चार दिवस चौकशी होते. असो.

आता दुसऱ्या भावंडाकडे वळू. नेमबाजीचे सामने पिस्तुलाइतकेच जुने आहेत. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्येही पंचवीस मीटरवरून जलद नेमबाजी होती. आरंभी सामनेवाले लष्कराचीच हत्यारे वापरीत. तेथेच पहिली अडचण ध्यानात आली. अमेरिकन सैन्याने मार्च १९११ मध्ये ब्राउनिंगचे पॉइंट पंचेचाळीसचे पिस्तूल स्वीकारले, ते सहा हजार बारांच्या कसोटीत एकदाही न अडल्यामुळे. न अडण्याचे रहस्य काय, तर सुट्या भागांत ठेवलेला थोडासा ढिलेपणा. चिखल, धूळ, काजळी जाऊन बसली तरी भाग हलत राहावेत म्हणून तो मुद्दाम ठेवला होता. पण हाच ढिलेपणा नेमाच्या मुळावर येतो, कारण प्रत्येक बारानंतर नळी केसभर निराळ्या जागी बसते. म्हणून अमेरिकेतील सामनेवाले तेच पिस्तूल घेऊन कुशल फिटरकडे जात व भाग घट्ट बसवून आणीत. मग नेम सुधारे, आणि धुळीत पिस्तूल अडू लागे. ज्याने कधी बेअरिंग बसविले आहे त्याला हे फोडून सांगावयास नको. घट्टपणा व निर्वेधपणा या दोन्ही गोष्टी पूर्णत्वाने एका यंत्रात मिळत नाहीत. कोणती हवी ते आधी ठरवावे लागते.

सामन्यांनी आपले उत्तर ठरविले व यंत्र मुळापासून निराळे घडविले. काडतूस घेतले ते लहानसे, पॉइंट बावीसचे. त्याची गोळी अडीच ग्रॅमच्या किंचित वर. सैन्यातील ९ मिलिमीटरची सुमारे आठ ग्रॅमची असते आणि पॉइंट पंचेचाळीसची पंधरा ग्रॅमची. गोळी हलकी म्हणून धक्का कमी, आणि धक्का कमी म्हणून पुढच्या बारासाठी हात लवकर जागेवर येतो. उलट पिस्तूल मात्र जड केले. नियमाप्रमाणे ते १४०० ग्रॅमपर्यंत चालते, म्हणजे जुन्या ब्राउनिंगच्या दुपटीहून अधिक. लपवावयाचे नसल्यामुळे वजनाचे भय नाही, आणि जड वस्तू हातात कमी थरथरते. वरची स्लाइड काढून टाकली. बाळगण्याच्या पिस्तुलात स्लाइडबरोबर तिच्यावरची नेमाची खाच व माशी दोन्ही मागे-पुढे धावतात. सामन्याच्या पिस्तुलात आतला एक लहान ठोकळाच तेवढा हलतो, आणि खाच व माशी आपल्या जागी अचल राहतात.

आणि मॅगझिन? जर्मनीच्या वॉल्थरने १९६८ मध्ये जे सामन्याचे पिस्तूल काढले त्यात, तसेच इटालीच्या पार्दिनीत, ते मुठीतून काढून पुन्हा चापाच्या पुढे नेले आहे, थेट १८९६ च्या माउझरप्रमाणे. यात मागासपणा नाही. मॅगझिन मुठीत असले की मुठीची जाडी व तिरकेपणा काडतूस ठरविते. ते पुढे गेले की मूठ मोकळी होते, आणि मग अक्रोडाच्या लाकडाची मूठ त्या एकाच माणसाच्या तळहातावर बेतून कोरता येते, तळहाताखाली टेकू देता येतो. अशी मूठ दुसऱ्याच्या हातात बसत नाही व कमरेच्या म्यानात तर मुळीच बसत नाही.

चापाचेही तसेच. पंचवीस मीटरच्या क्रीडा-पिस्तुलाचा चाप किमान एक किलोच्या वजनाने सुटला पाहिजे असा नियम आहे, आणि नेमबाज तो त्या मर्यादेच्या अगदी जवळ लावून घेतो. ऑस्ट्रियाच्या ग्लॉकसारख्या बाळगण्याच्या पिस्तुलाला अडीच किलोच्या आसपास ओढ ठेवतात. गडबडीत, भीतीत, कपड्याच्या घडीत बोट अडकून बार उडू नये म्हणून. एक किलोचा चाप कमरेला बांधून बसमध्ये चढणाऱ्याने स्वतःच्या मांडीची आशा सोडावी.

यंत्र अडले तर काय, हा प्रश्न या दोहोंतील अंतर सर्वांत स्पष्ट करतो. सामन्यात पिस्तूल अडले तर नेमबाज मोकळा हात वर करतो, पंच येतात, नियमाच्या मर्यादेत ती फेरी पुन्हा मिळते. तरीही घात होतोच. जुलै २०२१ मध्ये टोकियोत मनू भाकर हिच्या पिस्तुलाचा चढविण्याचा दांडा ऐन फेरीत मोडला व मिनिटे वाया गेली. ते हवेच्या दाबाचे पिस्तूल होते, स्वयंभरणाचे नव्हे, पण नाजूकपणाची गोष्ट तीच. तीन वर्षांनी पॅरिसला तिने कांस्यपदक मिळविले. रस्त्यावर, अंधारात, समोर चोर असता हात वर करून कोणत्या पंचाला बोलवावयाचे?

येथे व्यवहाराचे जे कारण आरंभी म्हटले ते सांगतो. आमच्या संघटनेत सुरक्षारक्षक पुष्कळ आहेत. बेसा-बेलतरोडी भागात लेआउट पडले, फ्लॅटच्या स्कीमा झाल्या, तशी रात्री फाटकावर खुर्ची टाकून बसणाऱ्यांची संख्याही वाढली. त्यांतील जे सशस्त्र म्हणून लागतात त्यांची एक गंमत, खरे तर विटंबना, अशी की बंदूक बहुधा त्यांची स्वतःची असते. परवाना त्यांच्या नावाचा, काडतुसांचा खर्च त्यांचा, नूतनीकरणासाठी कचेरीच्या खेपा त्यांच्या. नोकरी देणारा गणवेश देतो व शिटी देतो. अशाच एका रक्षकाने आम्हाला गाठले. त्याच्याजवळ बारा बोअरची जुनी एकनळी होती. ती विकून, वर साठविलेले पैसे घालून, त्याला पॉइंट बत्तीसचे पिस्तूल घ्यावयाचे होते. मुलगी एन्.सी.सी.च्या शिबिरात पॉइंट बावीसच्या रायफलीवर चांगली ठरली होती आणि तिला पिस्तुलाच्या सामन्यांत उतरण्याची ओढ लागली होती. तो म्हणाला, “भाऊ, असं एकच पिस्तूल सांगा, जे माया कमरेलेही चालन अन् पोरीच्या नेमालेही चालन.”

त्याच्या या प्रश्नापासून आमचा हा सारा अभ्यास सुरू झाला. आणि त्याचे उत्तर देताना यंत्राच्या जोडीला कायद्याचाही इतिहास उलगडावा लागला.

१८७८ साली लॉर्ड लिटनच्या अमदानीत शस्त्रांचा कायदा झाला. त्यात युरोपियनांना मुभा होती. परवान्याचा जाच एतद्देशीयांना. आमच्या नागपुराने या कायद्याशी झुंज दिली आहे. १९२७ मध्ये जनरल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंचरशा आवारी यांनी नागपुरात शस्त्रबंदीविरुद्ध सत्याग्रह केला. तलवारी घेऊन मिरवणुका निघाल्या व माणसे तुरुंगात गेली. हत्यार चालविण्यासाठी नव्हे, तर उघड हातात धरून कायदा मोडण्यासाठी, असा हा विलक्षण सत्याग्रह होता, आणि म्हणून तो पुष्कळांना तेव्हाही पचला नाही. स्वराज्यात १९५९ चा नवा कायदा आला व १९६२ पासून अमलात आला. त्यातून गोऱ्या-काळ्याचा भेद गेला. सैन्याच्या व पोलिसांच्या मापाची काडतुसे मात्र सामान्य नागरिकास वर्ज्य राहिली. म्हणून इशापूरच्या रायफल कारखान्यात ९ मिलिमीटरचे, ब्राउनिंगच्या शेवटच्या रचनेच्या धर्तीवरचे पिस्तूल झाले ते सैन्य व पोलिसांसाठी. आणि नागरिकासाठी त्याच कारखान्याने ‘अशनी’ नावाचे पिस्तूल केले, ते पॉइंट बत्तीसचे. म्हणजे १८९९ साली ब्राउनिंगने खिशातल्या पिस्तुलासाठी जे काडतूस घडविले, तेच एकविसाव्या शतकातल्या भारतीय गृहस्थाच्या वाट्याला आले आहे. जगात बाळगण्याचे पिस्तूल पुढे सरकले. आपल्याकडे कायद्याने घड्याळ त्या काट्यावर धरून ठेवले. हे बरे की वाईट, याबद्दल आमचे मत असे की फारसे वाईट नाही. पण ज्याला ते विकत घ्यावयाचे त्याने हे जाणून घ्यावे.

२०१४ साली कानपूरला ‘निर्भीक’ नावाचे स्त्रियांसाठी म्हणून एक हलके रिव्हॉल्व्हर निघाले, सुमारे पाचशे ग्रॅमचे, आणि किंमत एक लाख बावीस हजार. बुटीबोरीहून रात्रपाळी करून परतणाऱ्या कामगार भगिनीला ते कितीसे परवडणार? तिला हवी ती कंपनीची बस आणि रस्त्यावर दिवे, आणि ही मागणी आम्ही अजून करीतच आहोत.

शिवाय काडतुसांचा हिशेब आहे. बाळगण्याच्या परवान्यावर वर्षाला किती काडतुसे मिळतील ते लिहिलेले असते, आणि ती बहुतेकांच्या कपाटात तशीच राहतात. बार टाकून पाहावयाला जागाही कोठे असते? नेमबाज खेळाडूंना कायदा हजारोंनी काडतुसे देतो, कारण त्याशिवाय हात बसत नाही. ज्याला जीव वाचविण्यासाठी हत्यार लागते म्हणून ते दिले, त्याला सराव नाही. आणि ज्याला कागद फाडावयाचा आहे, तो रोज शेकडा बार टाकतो.

आम्ही त्या रक्षकाला जे सांगितले ते असे. तुमच्या पॉइंट बत्तीसवर मुलीचा सामना होणार नाही. तिच्या सामन्याचे काडतूस निराळे, मूठ निराळी, चाप निराळा. तिच्या पिस्तुलाने तुमची नोकरी होणार नाही. ते कमरेत मावणार नाही व मावले तर भीतीचे. शिवाय एकवीस वर्षांच्या आत तिला स्वतःचा परवाना नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीने साध्या परवानेदाराला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात. परंतु दहा मीटरवरील सामन्यांना जे ४.५ मिलिमीटरचे हवेचे पिस्तूल लागते, त्याला २०१६ च्या नियमांनुसार ठरावीक शक्तीच्या आत परवाना लागत नाही, आणि पिस्तुलाचे सगळे शिक्षण तेथूनच सुरू होते. त्याच्या निशाणाचा दहाचा ठिपका साडेअकरा मिलिमीटरचा. तेवढा ठिपका ज्याने साधला त्याला पंचवीस मीटरचा कागद मोठा वाटू लागतो. गृहस्थ थोडा खट्टू झाला, पण एकनळी विकली नाही. मुलगी एका क्लबातील सामायिक पिस्तुलावर सराव करते. मूठ तिच्या हाताला मोठी पडते, म्हणून कापडी पट्टी गुंडाळते, असे परवा कळले.

सराव म्हणजे काय, याचे उदाहरण द्यावयाचे तर हंगेरीच्या कारोली ताकाच या लष्करी जवानाचे द्यावे लागेल. १९३८ साली हातात ग्रेनेड फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्याच हाताने तो पिस्तूल चालवीत असे. त्याने कोणाला न सांगता डाव्या हाताने पहिल्यापासून आरंभ केला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पाच निशाणे आठ, मग सहा, मग चार सेकंदांत टिपण्याच्या जलद नेमबाजीत त्याने जागतिक विक्रमासह सुवर्णपदक मिळविले, आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला पुन्हा. त्याच प्रकारात आपल्या सैन्यातील विजयकुमारने २०१२ साली लंडनलाच रौप्यपदक मिळविले.

स्त्रियांचा पंचवीस मीटर पिस्तुलाचा सामना ऑलिंपिकमध्ये आला तो १९८४ साली, आणि या सामन्यात आपल्या कोल्हापूरची राही सरनोबत जगाच्या पुढे गेली. यात साठ बार असतात. पहिले तीस सावकाश, पाच-पाचांच्या गटाने, दर गटाला पाच मिनिटे, आणि मधला दहाचा ठिपका पन्नास मिलिमीटरचा. पुढचे तीस जलद : निशाण सात सेकंद पाठ फिरविते, तीन सेकंद तोंड दाखविते; तेवढ्यात खाली सोडलेला हात वर उचलून एकच बार टाकावयाचा व हात पुन्हा खाली. दुसऱ्या हाताचा आधार घेण्यास मनाई. अंतर ब्याऐंशी फूट. टॉटनहॅम कोर्ट रोडवरील दुकानात ते अठरा होते, हे येथे आठवावे. राहीने एप्रिल २०१३ मध्ये कोरियातील चँगवॉन येथे विश्वचषक स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. पिस्तुलात असे यश भारताला पूर्वी मिळाले नव्हते.

२२ ऑगस्ट २०१८ रोजी इंडोनेशियातील पालेंबांगला आशियाई स्पर्धेची अंतिम फेरी झाली. अंतिम फेरीत गुण मोजत नाहीत. गोळी आतल्या लहानशा वर्तुळात बसली तर लागली, नाही तर गेली. पन्नास बारांनंतर राही आणि थायलंडची नफासवान यांगपैबून यांचे चौतीस-चौतीस झाले. मग पाच-पाच बारांची निर्णायक फेरी घेतली. तीतही दोघींचे चार-चार. पुन्हा पाच-पाच बार. या वेळी राहीचे तीन लागले, यांगपैबूनचे दोन, आणि नेमबाजीत आशियाई सुवर्णपदक मिळविणारी राही पहिली भारतीय स्त्री ठरली.